दुसरी चिठ्ठी

सकाळी साडेअकराला बाई डोळे तपासायला निघून गेल्या, त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि मी घाबरले. कारण सांगायचीसुद्धा लाज वाटावी असं होतं. टेबलावर एका कुत्र्याच्या पोटातून काढलेल्या पाण्याची स्लाइड होती. तिच्याशेजारी पेपरवेटखाली बाईंची चिठ्ठी पालथी ठेवलेली होती. आणि ती स्लाइड आता मला बघायची होती. म्हणजे खरोखर बघायची होती. एकोणीस वर्षं मी या लॅबमध्ये स्लाइड बघते असं सगळं जग समजतं, माझा नवराही समजतो, पगारपत्रकावरही तसंच लिहिलेलं आहे. मी मात्र त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी होते आणि पळून जाता आलं तर बरं, असं मला वाटत होतं.

आमची लॅब प्राण्यांची. गाद्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्या. शहरभरच्या जनावरांच्या दवाखान्यांतून आमच्याकडे नळ्या येतात. रक्त येतं, लघवी येते, आणि कधीकधी ते पाणी येतं जे शरीरात असायलाच नको होतं. पोटाच्या पोकळीत, छातीत, हृदयाभोवतीच्या पिशवीत कुठेतरी ते गुपचूप साठत राहतं. डॉक्टर सुई घालून काढतात आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं, लाल टोपणाच्या नळीत थोडं, असं पाठवतात. बाबा रे, तू कुठून आलास, हे त्या पाण्यालाच विचारायचं. बाई त्याला विचारतात. आधी नळी खिडकीशी धरतात, जरा तिरपी करतात, रंग बघतात, गढूळपणा बघतात. मग त्याचा एक थेंब छोट्या यंत्राच्या काचेवर ठेवून उजेडाकडे धरतात, त्यात किती प्रथिनं आहेत ते वाचतात. मग नळी यंत्रात गरगरा फिरवून तळाला बसलेला गाळ काचेवर पसरतात, रंगात बुडवतात, वाळवतात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावतात. तिथून पुढे त्यांना हाक मारायची नाही.

आणि नियम असा की प्रत्येक स्लाइड दोघींनी बघायची. पहिलीने आपलं मत चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची, दुसरीने ती न वाचता स्लाइड बघायची, आपली चिठ्ठी लिहायची, आणि मगच दोन्ही उलटायच्या. जुळल्या तर रिपोर्ट जाणार. नाही जुळल्या तर कागद लॅबच्या दाराबाहेर पडणार नाही. हा नियम बाईंचा. तरुणपणी दुसऱ्या एका लॅबमध्ये असताना त्यांना एका कुत्रीच्या पोटातल्या पाण्यात जंतू दिसले, ढिगाने. आतडं फुटलं असणार म्हणून डॉक्टरांनी त्या कुत्रीचं पोट उघडलं. आतडं धडधाकट होतं. जंतू पाण्यात नव्हतेच, स्लाइड रंगवायच्या बरणीत वाढले होते. बरणी महिनाभर कुणी बदलली नव्हती. कुत्री वाचली, पण बाईंनी ती गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली. कुठल्याही नव्या माणसाला आपली फजिती पहिल्या दिवशी सांगणारी दुसरी बाई मी आजवर बघितलेली नाही. तेव्हापासून दर सोमवारी त्या रंगाच्या बरण्या स्वतः ओततात, धुतात, नवा रंग गाळून भरतात. यंत्रं सांभाळणारा आमचा सहकारी, ज्याला आम्ही मशीनवाला म्हणतो, तो दर सोमवारी विचारतो, "बाई, आज अभिषेक झाला का?" बाई म्हणतात, "झाला. तुझ्या डोक्यावर उरलेला ओतू का?"

मशीनवाल्यानेच माझं नाव शेपूट ठेवलं. कारण मी बाईंच्या मागे मागे असते. त्या उभ्या राहिल्या की मी उभी राहते, त्या डबा उघडतात तेव्हा मलाही भूक लागते. मला ते नाव कधी टोचलं नाही. बाविसाव्या वर्षी मी इथे आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की पाणी म्हणजे पाणी. तिसऱ्याच आठवड्यात एका मांजराच्या छातीतून दुधासारखं पांढरंशुभ्र पाणी आलं. सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी 'पू' असं लिहिलं होतं. बाईंनी नळी फिरवली. "पू असता तर तळाला बसला असता आणि वर निवळ उरलं असतं," त्या म्हणाल्या. "हे बघ, तस्संच पांढरं आहे. ही चरबी आहे. अन्नातली चरबी वाहून नेणारी नळी छातीत कुठेतरी गळतेय." मग मशीनवाल्याला त्यांनी त्या पाण्यातली चरबी आणि रक्तातली चरबी, दोन्ही मोजायला लावल्या. पाण्यातली कितीतरी पटींनी जास्त निघाली. दुसऱ्यांदा, गाडीखाली आलेलं एक पिल्लू. दिसायला धड, चालायला धड, पोटात थोडंसं पिवळट पाणी. बाईंनी रक्तात आणि पाण्यात, दोन्हीकडे एकच घटक मोजायला लावला, जो लघवीवाटे बाहेर पडायला हवा होता. रक्तातल्यापेक्षा पाण्यात तिप्पट. मूत्राशय फुटलं होतं. त्यांनी स्वतः फोन केला, संध्याकाळच्या आत पिल्लाला टाके पडले. त्या दिवशी घरी जाताना मला रस्त्यावरची सगळी माणसं उगाचच आवडत होती. आपल्याला असं काही येईल, असं मला तेव्हाही वाटलं नाही. असं येणाऱ्या माणसाशेजारी आपण बसतो, हेच मला फार वाटायचं.

आणि मग, नेमकं कधी ते आठवत नाही, मला बाई वाचता यायला लागल्या. स्लाइड चांगली असली, म्हणजे जिवावरचं काही नसलं, की मायक्रोस्कोपवर बसल्या बसल्या त्यांच्या डाव्या पायातली चप्पल अंगठ्यावर झुलायला लागते. साधी सूज असली की झुलता झुलता मध्येच थांबते, पुन्हा झुलते. पण वाईट असलं की चप्पल खाली ठेवली जाते, पाय सरळ होतो, आणि थोड्या वेळाने बाई चष्मा काढून एप्रनच्या टोकाने पुसतात. चष्म्यावर काही नसतं. माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच. मी काही मुद्दाम टपून बसत नव्हते, दिसायचं. आणि एकदा दिसलं की मग मी मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला तरी डोळ्याला आधीच माहीत असायचं काय सापडणार आहे, आणि तेच सापडायचं. चष्मा पुसला गेला असेल तर पेशी मला भेसूर दिसायच्या. चप्पल झुलली असेल तर त्याच पेशी सालस दिसायच्या. मी चिठ्ठी लिहायचे, दोन्ही उलटायचो, जुळायच्या. जुळल्या की मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. बाई म्हणायच्या, "छान." एवढंच. त्या एका 'छान'वर माझा अख्खा दिवस जायचा.

ही खोड जुनी आहे. आमचे वडील संध्याकाळी घरी यायचे तेव्हा आईच्या आधी मला कळायचं आज काय आहे ते. किल्ली खिळ्याला लावली तर ठीक, टेबलावर टाकली तर आज कुणी बोलायचं नाही. मी आत जाऊन ताईला सांगायचे, "टेबल." की ताई गाणं बंद करायची. आई कौतुकाने शेजारणींना सांगायची, हिला माणसं कळतात हो. शाळेतही गणिताचं उत्तर मी फळ्यावर शोधलं नाही, गुरुजींच्या भुवयांत शोधलं. मी पायऱ्या लिहीत जायचे आणि भुवया वर गेल्या की थांबायचे. मला वर्षानुवर्षं वाटत आलं की ही हुशारी आहे. बाईंच्या शेजारी बसूनही वाटत राहिलं. मनाच्या तळाशी कुठेतरी माहीत होतं की दुसरी चिठ्ठी म्हणून मी जे लिहिते ती पहिलीचीच नक्कल आहे, पण ज्या माणसाचं कधी चुकतच नाही त्याची नक्कल केली तर बिघडलं कुठे, असं मी स्वतःला समजावायचे. समजूत पटायची.

आज सकाळी ते पाणी एक माणूस स्वतः घेऊन आला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा, पन्नाशी ओलांडलेला, नखांत काळं ग्रीस, शर्टाच्या खिशात टेस्टर. कुत्रा दवाखान्यात, त्याच्याजवळ याची मुलगी. डॉक्टरांनी पोटातून पाणी काढून नळ्या याच्या हातात दिल्या, पाणी ताजं आहे तोवर पोचवा म्हणाले, आणि रिपोर्ट घेऊनच या. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: वय आठ, वजनदार, पोट फुगलेलं, थकवा, कॅन्सरची शंका. आणि खाली, गर्दीत घाईने लिहावं तसं: कॅन्सर निघाल्यास चार वाजता शेवटचं इंजेक्शन, मालकांची संमती आहे. बाईंनी अकरा वाजता स्लाइड बघितली. मी तेव्हा आतल्या खोलीत दुसऱ्या नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होते. बाहेर आले तेव्हा बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. "माझं झालंय. तू बघून घे," म्हणाल्या, "उशीर झाला तर तो डोळ्यांचा डॉक्टर पुढचा महिना दाखवेल." आणि गेल्या. चपलेचं काही कळलं नाही. चष्म्याचंही नाही. चेहरा मी बघितला, पण तो दारातून बाहेर जाणाऱ्या माणसाचा चेहरा होता, त्यात जिना उतरायची काळजी तेवढी होती.

मी मशीनवाल्याकडे गेले. "पाण्याचे आकडे?" तो म्हणाला, "प्रथिनं मधली, पेशी फार नाहीत, रंग जरासा तांबूस. बाईंनी मला दोनदा विचारलं, पिवळं आहे का तांबूस. हल्ली परीक्षाच घेतात माझी." मलाही त्या हल्ली विचारायच्या. नळी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "सांग, रंग कोणता?" मला वाटायचं, शिकवतायत. मायक्रोस्कोपचा दिवाही हल्ली त्या पूर्ण वर चढवून ठेवायच्या. मला वाटायचं, सवय. बाईंच्या बाबतीत मला जे दिसायचं त्याचा मी नेहमी चांगलाच अर्थ लावायचे. मी परत येऊन बाईंच्या खुर्चीत नाही, माझ्याच खुर्चीत बसले, मायक्रोस्कोप ओढून घेतला, दिवा कमी केला आणि डोळा लावला.

पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. म्हणजे दिसत होतं सगळं, निळं, जांभळं, गोल, झुंबके, पण ते काय आहे हे सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. माझा हात दोनदा पेपरवेटकडे गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मी तो मांडीखाली दाबून बसले, लहान मुलीसारखी. मग मी मोजायला घेतलं, कारण मोजताना माणसाला मत द्यावं लागत नाही. एक, दोन, तीन. मोठ्या पेशी, एकमेकींना चिकटलेल्या, काहींच्या पोटात दोन केंद्रकं, काहींच्या तीन, एका ठिकाणी तर पेशी चक्क दुभागत होती. हे सगळं कॅन्सरमध्ये असतं. माझ्या मनात चष्मा पुसलाही गेला. पण चाळिसाव्या-पन्नासाव्या पेशीच्या सुमाराला मला तिच्या कडेला काहीतरी दिसलं. अगदी बारीक, फिकट गुलाबी किनार. पेशीच्या भोवती झालर लावावी तशी. पुढच्या पेशीला होती. तिच्या पुढचीला नव्हती, त्यापुढच्या दोघींना होती. ही किनार पोटाच्या आतल्या अस्तराच्या पेशींना असते. हे अस्तर फार दिवस पाण्यात भिजत राहिलं की त्याच्या पेशी बिथरतात, सुटतात, वाढतात, झुंबके करतात, आणि हुबेहूब कॅन्सरचं सोंग आणतात. बाईंनीच मला शिकवलं होतं, पहिल्या वर्षी. "या अस्तराने भल्याभल्यांना फसवलंय," म्हणाल्या होत्या. मी दीडशे पेशी मोजल्या. नव्वदांना किनार. आणि साध्या शांत पेशीपासून पार बिथरलेल्या पेशीपर्यंत मधली सगळी माणसं हजर होती, एकाच घरातली. बाहेरून आलेलं, परकं, असं त्यात कुणी नव्हतं. मी डोळा वर उचलला तेव्हा मला जाणवलं की अर्धा तास झाला होता आणि अर्धा तास मी बाईंचा विचार केला नव्हता. किती सुंदर होतं ते. पोटातलं एक पातळ अस्तर, कुणी कधी न बघितलेलं, संकट आल्यावर इतकं काही करतं. मला हे एकोणीस वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं.

मी चिठ्ठी लिहिली. 'अस्तराच्या बिथरलेल्या पेशी. कॅन्सर दिसत नाही. पाणी साठण्याचं कारण दुसरीकडे शोधा, हृदय बघा.' आणि बाईंची चिठ्ठी उलटली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'कॅन्सरच्या पेशी. शंका नाही.'

'शंका नाही' हे शब्द बाई सहसा लिहीत नाहीत. मी ते पुन्हापुन्हा वाचले आणि माझ्या गुलाबी किनारीवरचा माझा विश्वास पाचदहा मिनिटांत पार उडाला. मी पुन्हा स्लाइड बघितली. किनार आता असल्यासारखी दिसत होती आणि नसल्यासारखीही. मी कोण? शेपूट. शेपटाने कधी वाट दाखवलेली कुणी ऐकलं आहे का? समजा मी म्हणते म्हणून त्या कुत्र्याला आज सोडलं आणि खरंच कॅन्सर असला, तर त्याचे हाल माझ्या नावावर. समजा बाईंचं चुकलं असलं, तर... पण तो दुसरा 'समजा' माझ्याच्याने पुरा होईना. तो पुरा केला असता तर बाई आणि मी, दोघींचं काहीतरी कायमचं मोडलं असतं. मी कोरी चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर लिहिलं: 'कॅन्सरच्या पेशी.' अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचं मला आश्चर्य वाटलं. एक वाजत आला होता.

रिपोर्टचा कागद काढायला मी बाहेरच्या खोलीत गेले तर लिफ्टवाला उठून उभा राहिला. "झालं का, ताई?"

"थोडा वेळ लागेल," मी म्हणाले.

"लागू दे. आम्ही लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला हेच सांगतो," तो हसला आणि मग हसू तोंडावर तसंच विसरून म्हणाला, "ढोल्या म्हणतो आम्ही त्याला. पिल्लू होता तेव्हापासून. त्यामुळे पोट वाढायला लागलं तेव्हा आम्ही सगळे हसलो, ताई. नावाला जागला म्हणालो. मुलीने त्याचं खाणं कमी केलं. महिनाभर अर्ध्या पोटी ठेवला. भांडं चाटत बसायचा रिकामं. हात लावून बघितलं असतं तर कळलं असतं ना, पाणी आहे म्हणून? कुणी बघितलंच नाही. सगळ्यांना वाटलं फक्त."

मी त्याला बसा म्हणाले. आत आले, तिन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या, मशीनवाल्याला म्हणाले, "तासाभरात येते, कुणालाही काहीही रिपोर्ट द्यायचा नाही." तो म्हणाला, "चिठ्ठ्या जुळल्या ना?" मी तोवर जिना उतरायला लागले होते. बाईंचा फोन बंद लागत होता. डोळ्यांचा दवाखाना तीन चौक पलीकडे होता, मी चालतच निघाले. वाटेत दोन कचऱ्याचे डबे लागले. दोन्ही वेळा मला वाटलं, एक चिठ्ठी इथे टाकावी, पण कुठली, ते ठरेना. खरं म्हणजे ठरत होतं, उलटसुलट. पहिल्या डब्यापाशी एक, दुसऱ्या डब्यापाशी दुसरी. माझी मला शिसारी आली.

दवाखान्यात भिंतीला टेकून सातआठ माणसं डोळे मिटून ओळीने बसली होती. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाई शेवटच्या खुर्चीवर होत्या, चष्मा मांडीवर, तोंड जरा वर केलेलं. चष्म्याशिवाय मी त्यांना फारसं बघितलं नव्हतं. त्या लहान दिसत होत्या. मी दोन पावलांवर असतानाच त्या म्हणाल्या, "कोण, शेपूट? लॅब वाऱ्यावर सोडून आलीस?"

"जुळल्या नाहीत, बाई."

"काय जुळल्या नाहीत?"

"चिठ्ठ्या."

त्यांनी डोळे उघडले. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांचा रंगच उरला नव्हता. माझ्याकडे रोखल्या होत्या, पण त्यांना मी धड दिसत नव्हते. माझ्या मनात आलं, आत्ता यांना काहीच वाचता येणार नाही. मी काहीही सांगू शकते. मी गंमत केली म्हणू शकते.

"मी काय लिहिलंय ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तू?"

"अस्तराच्या पेशी. बिथरलेल्या. कॅन्सर नाही."

"सांग."

मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं. त्यांनी मला पोलिसासारखं विचारलं. झुंबके होते का? होते, मोठे. एकेका पेशीत दोन केंद्रकं? तीनसुद्धा. दुभागणाऱ्या पेशी? एक दिसली. "मग कॅन्सर का नाही?" त्यांचा आवाज चढला, पलीकडच्या मिटल्या डोळ्यांच्या म्हाताऱ्याने मान वळवली. "किनार आहे, बाई," मी म्हणाले. "गुलाबी. दीडशे मोजल्या, नव्वदांना आहे. आणि साध्या पेशीपासून बिथरलेल्या पेशीपर्यंत सगळ्या मधल्या आहेत. परकी एकही नाही."

"दिवा केवढा होता?"

"मी कमी केला होता."

बाईंनी मांडीवरचा चष्मा चाचपला. "गुलाबी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. हा आत्ताच सांगून गेला. म्हणे, फिके रंग वर्षभर तरी तुम्हाला धड दिसत नसणार. मला वाटत होतं, रंगच पातळ येतोय बाटलीत." त्या हसल्या, आणि ते हसू मला बघवेना. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मी नव्हते म्हणून दिसली ना तुला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"चपलेचं? दहा वर्षं झाली. मी एकदा मुद्दाम झुलवली होती. स्लाइड वाईट होती. तू लिहिलंस, चांगली आहे. मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा बघून तू माझ्यासारखं लिहिलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटायचं गं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी आपल्यावर इतका विश्वास टाकतंय, कोणाला नको असतं? दिवसा बरं वाटायचं. घरी गेलं की झोप लागायची नाही. चिठ्ठ्या दोन आणि डोळे एकीचेच. तू शेजारी बसलेली असायचीस आणि मी एकटीच बघत असायचे." त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं. "किती वाजले?"

"दीड होऊन गेला."

"कुत्र्याच्या डॉक्टरला फोन लाव."

मी माझ्या फोनवरून लावला आणि मीच बोलणार होते, काहीतरी गोलगोल, दोन मतं पडली वगैरे. बाईंनी हात पुढे केला. "डॉक्टर, मी बोलतेय," त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "सकाळच्या पाण्याचं माझं वाचन चुकलं. हो, माझंच. दुसऱ्या वाचनात सापडलं. अस्तराच्या पेशी आहेत. ते इंजेक्शन थांबवा, आणि छातीला सोनोग्राफीचं यंत्र लावा. हृदयाचे ठोके लांबून आल्यासारखे येतात का त्याचे? मग लावाच. मी फोन धरून ठेवते." आणि त्यांनी फोन धरून ठेवला. ओळीतली सगळी मिटलेली माणसं आता ऐकत होती. एवढ्या लोकांत, एवढ्या सरळ, 'चुकलं' असं म्हणणं मला कधीच जमलं नसतं. मी बाईंना आजवर जेवढं मानत आले होते ते सगळं त्या क्षणी मला थोडं वाटलं. त्या कधी चुकत नाहीत म्हणून मी त्यांना मानत होते, आणि मानण्यासारखी गोष्ट भलतीच होती.

सातआठ मिनिटांनी फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला, मलाही ऐकू येण्याइतका मोठा. हृदयाभोवतीची पिशवी पाण्याने तट्ट भरली होती. हृदयाला फुलायला जागाच नव्हती, म्हणून रक्त मागे तुंबून पोटात पाणी उतरत होतं. आत्ता सुई घालून ते काढतो, म्हणाले. बाईंनी विचारलं, आत गाठ दिसते का? आज तरी दिसत नाही, म्हणाले, पाणी पुन्हा भरेलही, काही सांगता येत नाही. "नका सांगू," बाई म्हणाल्या, "आज चार वाजता मरत नाहीये ना, तेवढं पुरे. मालक आमच्या बाकावर बसलेत, त्यांना तुम्ही स्वतः फोन करा." आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थेंबांमुळे असेल.

"चिठ्ठ्या आणल्यास?" त्यांनी विचारलं. "दे इकडे. माझी फाडू नकोस हं. दोन्ही टाचून फाइलला लावायच्या. पुढे येणाऱ्यांना दिसू दे."

मी पर्समध्ये हात घातला आणि हाताला लागलं ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी अंगठ्याने कागद सरकवले. एकदा. दुसऱ्यांदा.

"या तीन आहेत," बाई म्हणाल्या.

मी पर्सची चेन ओढली.

"तिसरी कोणाची?"

"माझी. तुमची वाचल्यावर लिहिली. तुमच्यासारखी." मी सांगून टाकलं. "तीच देऊन मोकळी होणार होते. रिपोर्टचा कागद काढायला बाहेर गेले होते मी."

बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक नीट लावल्या, कडा जुळवल्या आणि आपल्या पर्समध्ये ठेवल्या. त्या रागावल्या होत्या की नाही, हे बघायला मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्या मोठ्या काळ्या बाहुल्यांत मला काहीच वाचता आलं नाही.

"तिन्ही लावू," त्या म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरून उठल्या. "चल. बाहेर सात पायऱ्या आहेत, मला त्या दिसणार नाहीत. हात धर. आणि समोर बघून चाल, माझ्याकडे बघू नकोस."

मी त्यांचा हात धरला. पायरी आली की मी सांगत होते.